बोटांच्या बेचक्यात

५ जानेवारी २०१४, रविवार

आधी आली ती चतुराबाईची सून. अकरा वाजायच्या आत! एरवी सहा-सहा महिने तोंड दाखवत नाय, आज हातात केळी आन् अंगात नवा स्वेटर. चतुराबाई म्हणजे इथं वृद्धाश्रमात माझ्या शेजारच्या पलंगावरची. सून होती तोवर भिंतीकडं तोंड करून बसली. ती गेल्यावर मला म्हणते, "बघ गं यमुने, पिकलीत का सडलीत?" मग दोघींनी मिळून खाल्ली. गोड होती!

मग माझी सुवर्णा आली. माझ्या गेलेल्या लेकाची एकुलती एक. पुण्याहून महिनाभरासाठी सासरी आलीय, इथं सिडकोत. गार वारं म्हणून छकुलीला सासूपाशी ठेवलं. पाच महिन्यांची झाली पोर आन् पणजी अजून फोटोच बघते! फोटोला काय टाळूचा वास येतो?

सुवर्णा सरळ माझ्या वाकळीत शिरली, मांडीवर डोकं ठेवलं. "आज्जे, डोकं चोळ." दुपारभर चोळलं. हात चोळले, पाय चोळले. केस लई गळालेत तिचे. जाताना सांगितलं की सव्वीस तारखेला रविवार आहे, छकुलीचं बोरन्हाण इथंच करायचं, माझ्या मांडीवर! त्यानंतर बन्सीची, म्हणजे आमच्या जावयाची, बदली बंगलोरला. मग कधी येणं होतंय कुणास ठाऊक.

हात आत्तापासूनच शिवशिवतात माझे.

१३ जानेवारी, भोगी

न खाई भोगी तो सदा रोगी! सकाळी तीळ वाटले आन् आश्रमातल्या सगळ्या जणींनी एकमेकींच्या पाठी चोळल्या. एकाच परातीतून. घरी होते तवा विधवेला संक्रांतीत कोण विचारत होतं? इथं सगळ्याच तशा, कोण कोणाला अडवणार! सरूबाई तर नवरीसारखी लाजत होती. हसून हसून बरगड्या दुखल्या. भाकरीवर लोणी होतं. सांडू आचारी हात आखडता घेतो, पण आज दिलं.

चतुराबाईला दिवाळीपासून खाज. थंडीनं अंग उललंय म्हणते. मी तिला रोज खोबरेल चोळून देते. हर्सूलच्या तळ्यावरून वारं असं येतं की दोघी एकाच वाकळीत निजतो. ऊब राहते.

१६ जानेवारी

मलाबी खाज. बोटांच्या बेचक्यात. चतुराबाई म्हणते, पैसा येणार! म्हटलं, पैसा तळहाताला गं, बेचक्यात खाजवलं की काय येतं?

१९ जानेवारी, रविवार

शबाना सिस्टर सगळ्यांचे हात बघत फिरली. मी पदराखाली घातले.

"क्या अम्मा, हाताँ कायकू छुपाते?"

थंडी वाजती म्हटलं. तेवढ्यात तिला पलीकडून हाक आली. सुटले.

सरूबाईला सांगत होती ते ऐकलं. कातडीत बारीक किडे शिरतात म्हणे, डोळ्याला न दिसणारे. अंगाला अंग लागलं, एका पांघरुणात निजलं की इकडचे तिकडं. म्हणजे खरूजच की! पण नाव घ्यायला कोण तयार नाय. खरूज घाणेरड्यांना होते असंच ऐकत आलो. आम्ही तर रोज आंघोळ करतो!

चतुराबाईला विचारलं, सांगू का? तिनं डोळे वटारले. "सांग की! फाटक बंद करतील. तुझी छकुली बाहेरच्या बाहेर बंगलोरला जाईल. पुढच्या खेपेला तू असशील का, मी असेन?"

खरंय तिचं. आठवडाभर गप्प बसायचं फक्त.

२१ जानेवारी

आडून विचारलं शबानाला, तान्ह्या लेकराला झाली तर काय गं?

"अल्ला बचाए, अम्मा. बच्चेकू तो तलवे में होती, हथेली में, सर पे भी. खुजाने आता नै ना उनकू. बस रोते रहते."

जेवण गेलं नाय.

२३ जानेवारी, गुरुवार

सांगितलं! भर पंगतीत. उठून उभी राहिले, दोन्ही हात पसरले आन् म्हटलं, बघा, मला खरूज झालीय. शब्द असा मोठ्यानं पडला की सांडूच्या हातातली पळी वरणात गेली.

मग सरूबाईनं हळूच बाही वर सारली. मनगटाला तेच. मग तिच्या शेजारणीनं. मग एकेक करत निम्मी पंगत हात दाखवायला लागली!

नानासाहेब मॅनेजर धावत आले. "आजी, खोलीत येऊन सांगायचं हो." म्हटलं, खोलीत सांगितलं असतं तर खोलीतच राहिलं असतं.

डॉक्टर आले. मलम सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत, नखाच्या खालीसुद्धा. सकाळी धुवायचं. आठवड्यानं परत. सांडू म्हणे, मला कुठं खाज? शबाना म्हणाली, "आज नै तो महिने बाद आएगी, मामू. लगाव!" कपडे कढत पाण्यात, वाकळी कडक उन्हात. जे धुवायचं नाय ते पिशवीत बांधून ठेवलं. आमचे पलंगसुद्धा लांब केले.

फाटक बंद. पुढचा महिना लागेपर्यंत.

चतुराबाई बोलत नाय. एकदाच बोलली, "जीभ झाली का थंड?"

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं आन् फाटकापाशी सुवर्णा दिसली. नानासाहेबांनी फोन केलेला, तरी आली! कडेवर छकुली. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट. ठसठशीत तीट. बाई गं, काय रूप! नाक डिट्टो माझ्या लेकाचं.

फाटकाच्या बाहेर चादर अंथरून बोरन्हाण केलं. बन्सीनं पोरीला धरलं, सुवर्णानं बोरं, मुरमुरे, हरभरे ओतले. आम्ही सगळ्या आतून टाळ्या वाजवत होतो. छकुली आधी बावरली, मग एक बोर मुठीत धरून माझ्याकडं बघून हसली. मग हात लांबवला. गजातून आत!

सुवर्णा म्हणाली, "आज्जे, एक बोट तरी लाव."

मी हात पाठीमागं धरले. नाय म्हटलं. एकात एक असे घट्ट धरले की दुखायला लागले. ती इवली मूठ हवेत उघडझाप करत राहिली. वीतभर अंतर होतं.

सुवर्णाला सगळं समजावलं, कुठं पुळ्या येतात, कशी खाज सुटते. तिचे डोळे भरलेले, ऐकलं की नाय कोण जाणे. बुधवारची गाडी आहे त्यांची.

परत आले तर पलंगावर केळं ठेवलेलं. चतुराबाईनं. बोलली नाय, पण ठेवलं.

छकुलीच्या टाळूचा वास कसा असेल गं?

२८ जानेवारी

सुवर्णाचा फोन. छकुलीच्या तळपायाला पुळ्या. सुवर्णाच्या बेचक्यात पण. त्या रविवारी सुवर्णाला मांडीवर घेऊन चोळत बसले होते, तिच्याकडून पोरीला, माझीच देणगी! मला रडू आवरेना. ती म्हणते, "रडू नको आज्जे. तू सांगितलंस म्हणून पहिल्याच दिवशी ओळखलं, सगळ्यांना मलम चालू झालंय. बन्सी उद्या एकटेच जातील पुढं, आम्ही राहतो. दुसऱ्यांदा लावून झालं की घेऊन येते, डॉक्टर हो म्हणालेत. तुझ्याच मांडीवर बसवायची आता."

नऊ फेब्रुवारी. रविवार.