पुनवेआधीचा गळ

शुक्रवार, १ जुलै १९८३. मुहर्रक
आबांना इथे आखातात येऊन तीन आठवडे. आई गेल्यापासूनचं मौन विमानातून बरोबर आणलंय. आज पहाटे हिद्दला किनाऱ्यावर नेलं. मला वाटलं, गळ हातात आला की बोलतील. गळ घेतला, न्याहाळला, परत माझ्या हातात दिला. "पुनवेआधी दर्यात गळ टाकूचो नाय." नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, मगच मासे. मी म्हटलं, या आखाती दर्याला कुठे ठाऊक? असं काही पाहिलं माझ्याकडे की मी थर्मासमधला चहा ओतला.
व्हिजिट व्हिसा महिनाअखेर संपतो. पौर्णिमेला मालवणात पोचव, एवढाच धोशा. रिकाम्या घरात एकटे काय करणार? सुमन म्हणते, ठेवून घ्या. माझी बायको ती, तिला सगळं सोपं. बाप म्हणजे काय फडताळातली बरणी आहे?

मंगळ., ५
ऑफिसातले आमचे हॅरिससाहेब रिटायर. दोन आठवड्यांनी कायमचे इंग्लंडला. टेबलावर ड्रॉइंगऐवजी पिसं पसरलेली! त्यांच्या गावच्या तलावात ट्राउट नावाचा मासा, तळाशी दडून बसणारा. त्याच्यासाठी खोटी माशी: हुकाला पिसं आणि डोळ्यांच्या जागी थर्मोकोलचे दोन मणी. दोरी जड, ती तळाला जाते. माशी तरंगू बघते, म्हणून तळापासून वीतभर वर अधांतरी राहते. मणी बांधलेत नायलॉनच्या मोज्याच्या तुकड्यात. मोजा मिसेसचा. त्या वारल्या दोन वर्षांपूर्वी. "ती रागावणार नाही," म्हणाले. मी आबांचं सांगितलं.
तोड साहेबांनीच काढली. जनाबियात त्यांच्या बंगल्यामागे खजुराची बाग, तिथल्या हौदात मासे, मालक ओळखीचा. घरी येऊन आबांना विचारलं. म्हणाले, "हौदाक नारळ लागना नाय."
यल्ला, चला!

शुक्र., ८
जनाबिया, उजाडताना. साहेब हाफपँटीत, आबा धोतरात. साहेब माशी टाकून दोरी इंच-इंच ओढत बसले. आबांना दम कुठला? "पिसां खावक मासो काय खुळो आसा?" साहेब पाणी आणायला घरात गेले, तेवढ्यात आबांनी सुमनच्या डब्यातली कोलंबी उचलून हुकाला टोचली. मसाल्यासकट! माशी जी तळाला बसली ती बसलीच. साहेबांनी परत येऊन ओढून पाहिली, तर पिसं हळदीने पिवळी. पोट धरून हसले. आणि आबाही हसले, मोठ्याने. आई गेल्यावर पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले. घाम पुसायचं निमित्त होतं, बरं झालं.
मग कोलंबीशिवाय, धीराने. आबांना एक मासा लागला, बोटभर. साहेबांनी तो अलगद सोडून दिला. "मग धरलो कित्याक?" आबा घरी येईपर्यंत हेच.

शुक्र., १५
साहेबांचा शेवटचा शुक्रवार. आबा म्हणाले, "थय विलायतेत घरात कोण आसा? इचार तेका." विचारलं. "कुणी नाही. ट्राउट आहेत," साहेब म्हणाले. हसले खरे, पण दोरी ओढायची विसरले.
दुपारी जेवताना आबा एकदम, "एकटो माणूस थय काय करतलो? खुळोच आसा."
सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात. आबांचा घास हातातच राहिला.

मंगळ., १९
साहेब काल इंग्लंडला गेले. आबांसाठी डबी ठेवलीय, दोन माश्या आणि उरलेला मोजा. आबा मोज्याला कात्री लावू देईनात. "तेच्या बायलेचो तो." घडी करून डबीत परत. मग टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल मागितला, स्वतःच्या ट्रंकेतून आईच्या पातळाची चिंधी काढली आणि खिडकीपाशी माशी बांधत बसले. बेढब झालीय. बादलीत टाकली. तरंगली.
तिच्याकडे बघत म्हणाले, "हयसरच्या दर्याक नारळ दिलो तर चलात काय रे?"
परतीच्या तिकिटाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. व्हिसा वाढवायचं उद्या ऑफिसात विचारतो, इंशाल्ला.
सुमनला म्हटलं, बाजारात गेलीस की नारळ आण. म्हणाली, पौर्णिमा महिन्यावर आहे अजून.
आण तरी.