पूर्वेकडे पाय

४ एप्रिल

बाबांनी आज परत प्रभुभोजन नाकारलं! तिसरी वेळ. पाळक बिचारे भाकर आणि प्याला सांभाळत तीन जिने चढून आले, आणि बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. म्हणे, "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात! डॉक्टर पुढच्या आठवड्याचंही बोलायला तयार नाहीत.

त्रेपन्न वर्षं या माणसाने मंडळीसाठी कबरी खोदल्या. एक रविवार चुकवला नाही. आणि आता खरी गरज आहे तेव्हा "मला नको".

पाळक जाताना दारात हळूच म्हणाले, "त्यांना कसली तरी भीती वाटतेय." मला राग आला. बाबा आणि भीती? अहो, दुपारचा डबा ते कबरीच्या काठावर पाय सोडून बसून खायचे.

५ एप्रिल

कबरस्तानात ओळ तीन ते सहा गवत कापलं. एक फुलदाणी फुटली, माझ्याच हातून. तुकडे खिशात घालून घरी आणले. लंबूला कळू दिलं नाही. लंबू म्हणजे बाबांनंतर आलेला आमचा खोदणारा. त्याने आठवडाभर चिडवलं असतं.

८ एप्रिल

आज बाबा बोलते झाले, पण भलतंच. "शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल तेव्हा मला ऐकू येईल का गं?" मी म्हटलं, तो ऐकू जावा म्हणूनच वाजवणार ना. तर म्हणे, "तरी पुरताना कानातलं मशीन काढू नका." दोघंही खूप हसलो. मग छताकडे बघत म्हणाले,

"उठल्यावर मला पहिला प्रश्न काय विचारतील, ते मला माहीत आहे."

— काय?

"जा, चहा टाक."

चहा टाकला. उकळेपर्यंत ओट्याशी विचार करत उभी राहिले. माझा आहे का यावर विश्वास? तो दिवस, मेलेले सगळे उठणार, एकेकाचा न्याय होणार — रविवारी गाताना असतो. गवत कापताना नक्की सांगता येत नाही. एकोणीस वर्षं मी हे कबरस्तान सांभाळते, फाटकाची किल्ली, नोंदवही, नकाशा सगळं माझ्याकडे, तरी नाही सांगता येत.

बाबांचा विश्वास मात्र इतका पक्का, की त्यांनी तो दोरीने आखलाय. फाटकाच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दोरी ताणायची आणि प्रत्येक कबर त्या दोरीला धरून. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. प्रभू पूर्वेकडून येईल, उठून बसलं की समोर तोच दिसला पाहिजे. लहानपणी मला वाटायचं, नाटकाला खुर्च्या मांडतात तसंच हे.

११ एप्रिल

कळलं. लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगणार!

सकाळी बाबांची दाढी करत होते. अर्धी झाली असताना त्यांनी माझं मनगट धरलं. "तुझ्या काकाला मी उलटा पुरलाय."

मला वाटलं, औषधांमुळे बरळतायत. नाही. तारखेसकट सगळं सांगितलं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. दोघं मिळूनच खोदायचे. काकाचा गाण्याचा आवाज असा, की देवळाच्या खिडक्या थरथरायच्या. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिने एकच मागितलं होतं — भाऊजींनी येऊन तिच्या आवडीचं गाणं म्हणावं. तीनदा निरोप धाडला. काका दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. तीन आठवडे ती दाराकडे डोळे लावून होती. आला नाही. ती तशीच गेली. त्यानंतर बाबा त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. एकाच खड्ड्यात उभे राहून दोघं मुक्याने खोदायचे! हे मला आठवतं. तीन वर्षांनी काका अचानक गेला, आणि त्याची कबर अर्थात बाबांनीच खोदली.

आमच्याकडच्या पेट्या दोन्ही टोकांना सारख्याच रुंद. झाकण ठोकल्यावर डोकं कुठलं ते कळावं म्हणून सुतार एका टोकाला खडूने फुली मारतो. बाबांनी ती फुली ओल्या बोटाने पुसली आणि दुसऱ्या टोकाला मारली. बस्स, एवढंच केलं. खांदेकरी फुली बघून चालले. वर क्रूस नेहमीच्या जागी रोवला. कुणाला संशयही आला नाही.

"सगळे प्रभूकडे तोंड करून उठतील आणि हा पाठ करून. मला तेच हवं होतं," बाबा म्हणाले. "सव्वीस वर्षं झाली. सख्ख्या भावाला असा निजवून मी त्या भाकरीला कुठल्या हाताने शिवू? त्याला फिरव. मी जायच्या आत फिरव."

उरलेली दाढी माझ्याने नीट झाली नाही. हनुवटीला कापलं.

१२ एप्रिल

रागावलेय. काकावर की बाबांवर, ठरत नाही. दोघांवर!

१४ एप्रिल

बाबांना विचारून पाळकांना सांगितलं. ते दचकले, पण घाबरले नाहीत. सरळ बाबांच्या खाटेशी येऊन बसले. म्हणाले, समुद्रात बुडालेल्यांना, आगीत गेलेल्यांना, सगळ्यांना तो उठवणार आहे, त्याला होकायंत्र लागत नाही. पूर्व ही आपली रीत, त्याची अट नाही. हेही म्हणाले, की जुन्या काळी काही ठिकाणी पाळकांना मुद्दाम उलटं पुरायचे, उठल्यावर मंडळी समोर दिसावी म्हणून.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो पाळक नव्हता. आणि मी त्याला मानाने तसा ठेवला नाही."

पाळकांनी बाबांचा हात हातात घेतला. पुढे उगाच समजावत बसले नाहीत. मला ते आवडले आज.

कबर उघडायची तर कचेरीचा कागद लागतो आणि त्यावर जवळच्या नातलगाची सही. म्हणजे काकू! काकू आणि आम्ही इतकी वर्षं देवळात एकमेकांकडे बघून मान हलवतो. तेवढंच नातं उरलंय.

१७ एप्रिल

काकूकडे गेले नाही. गुडघा दुखत होता.

१८ एप्रिल

गुडघा दुखत नव्हता. तरी गेले नाही.

२० एप्रिल

गेले एकदाची.

बेकरीच्या वरच्या दोन खोल्या. जिन्यात पावाचा वास. काकू मशीनवर बसून गायकवृंदाचे झगे शिवत होती. एकोणऐंशीची आहे, पण दोरा अजून एका फटक्यात ओवते. मला बघून काही विचारलं नाही. "बस. खाली टाचण्या आहेत, बघून पाय टाक."

मी एका दमात सांगून टाकलं. मशीन थांबलं.

"डोकं कुठल्या बाजूला म्हणालीस?"

"पूर्वेला."

"हं." बराच वेळ झग्याच्या दोऱ्यांची टोकं तोडत बसली. मला वाटलं, आता घालवून देते. तर म्हणाली, "तुझी आई आजारी होती ना, तेव्हा हा रोज अंघोळ करून, चांगला शर्ट घालून निघायचा. तुमच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. रोज! मेलेल्या माणसाला तो कधी घाबरला नाही गं. मरणाऱ्याला घाबरायचा. स्वतःच्या आईच्या वेळीही असाच पळाला होता. गाणं मात्र रोज म्हणायचा, या इथे, या खुर्चीवर. म्हणायचा, उद्या नक्की जमेल."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"तो लाजेने मेला होता. आणि मला कुणी विचारलं?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. मी तिथेच रडायला लागले. काकूने एक बाही पुढे केली डोळे पुसायला, मग ओढून घेतली — "ही नको, हिला इस्त्री झालीय" — आणि दुसरी दिली.

सहीचं विचारलं. म्हणाली, "आधी मला जागा बघू दे."

२२ एप्रिल

काकू सकाळीच कबरस्तानात आली. मी घडीचं स्टूल दिलं. ओळ आठ, जागा चौदा. बसली, क्रुसाकडे बघितलं. "म्हणजे हा क्रूस त्याच्या पायाशी! आणि मी इतकी वर्षं फुलं वाहतेय ती पायांना!" स्वतःच हसली.

मग हाताने हवेत मोजायला लागली. "डोकं तिकडे. पाय इकडे. उठून बसला की तोंड... या बाजूला." तिचं बोट पश्चिमेकडे गेलं. "इथे समोर कोण आहे?"

मी नकाशाकडे बघितलंही नाही. मला पाठ आहे. ओळ सात, जागा चौदा. "आई," मी म्हटलं.

ती नेहमीसारखी पूर्वेकडे पाय करून, तो पश्चिमेकडे. पायांना पाय. उठून बसले की दोघं समोरासमोर! पूर्ण कबरस्तानात अशी दुसरी जोडी नाही.

काकूने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय, तर ती हसत होती, अगदी अंग हलेपर्यंत. "आता कुठे पळशील?" कबरीला म्हणाली. "आता गाणं म्हटल्याशिवाय सुटका नाही तुझी! ते म्हण, आणि मग वळ प्रभूकडे. तो थांबेल तेवढं." मग रडलीही.

सही देणार नाही म्हणाली. असू दे तसाच.

लंबू लांबून बघत होता. या बायका कबरीशी हसतात कशाला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं.

२३ एप्रिल

बाबांना सांगितलं. आधी काकाचं — चांगला शर्ट, दारापर्यंत येऊन परत जाणं. बाबा ओक्साबोक्शी रडले. मी त्यांना आयुष्यात असं बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. "दार आतून मला उघडता आलं असतं," एवढंच म्हणत होते. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग समोरासमोरचं सांगितलं. ऐकून थक्क झाले. स्वतःच्या हाताने दोन्ही कबरी खोदलेला माणूस! मी विचारलं, तुमच्या कसं लक्षात आलं नाही? "मी त्याच्या पाठीचाच विचार केला गं. तोंड कुणाकडे होईल याचा केलाच नाही."

थोड्या वेळाने म्हणाले, "माझी जागा तुझ्या आईच्या शेजारी. म्हणजे उठल्यावर मलाही तोच समोर दिसणार."

— हो.

"मग मलाच आधी बोलावं लागेल."

आज दोन वाट्या पेज प्यायले.

२६ एप्रिल

काकू आली! तीन जिने, प्रत्येक मजल्यावर बसत बसत. आल्या आल्या आमच्या पडद्यांची शिवण उसवलीय म्हणून मला बोलली.

बाबा उठून बसले. हात जोडले.

"कळलं," काकू म्हणाली. "दादा, मशीन लावलंय का कानात? मग ऐका. मला राग आलाय आणि मी माफही केलंय. दोन्ही एकदम. राग चार दिवसांत जाईल. माफी राहील."

पाळक आले. बाबांनी भाकर घेतली. काकूने खालून त्यांचा तळवा धरला. प्याला तिघांनी घेतला. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. तो दिवस त्यांच्यासाठी अजून यायचाच आहे, पण आता ते त्याची वाट बघतायत. परवापर्यंत दडून बसले होते.

३० एप्रिल

डॉक्टर बुचकळ्यात. पायांची सूज उतरतेय. बाबा म्हणतात, खिडकीजवळ खुर्ची ठेव.

६ मे

काकू आता दर मंगळवारी येते. काकाचं ते गाणं दोघं मिळून म्हणतात, बाबा अर्धा सूर खाली, काकू अर्धा सूर वर. ऐकवत नाही! मी खोलीबाहेर पळत नाही, एवढंच.

१५ मे

ओळ सात आणि आठच्या मधलं गवत कापलं. कापताना सहज लक्षात आलं, आज मला शंका येत नव्हती. ती कधी गेली, कळलंही नाही.

२ जून

काकू गेली. बाबा नव्हे, काकू! सकाळी मशीनवर बसल्या बसल्या. पाळकांकडे तिने आधीच चिठ्ठी देऊन ठेवली होती — मला नवऱ्याशेजारी ठेवा, आणि तो आहे तसंच. संध्याकाळी कबरीशी पेटी तशी वळवली तर खांदेकरी थबकले, मंडळीत कुजबुज सुरू झाली. डोकं पूर्वेला? चुकतंय, चुकतंय! पाळकांनी तोंड उघडायच्या आत, लंबूने जिन्यांवरून उचलून आणलेल्या खुर्चीतून बाबा उठले, कुणाचाही हात न धरता, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकत नाहीये. थांबा, मी सांगतो."