दीड वाजताचा वाचक

३ मार्च, सोमवार
रोजनिशी आजपासून लॅपटॉपवर. वही बंद. परवा बायकोने विचारलं, कपाटातली ती वही कोरी आहे का, सामानाची यादी करायचीय. वही कोरी नाही हे तिला माहीत नसेल? माहीत असूनच विचारलं. नव्या फाईलला नाव दिलंय ‘जुना प्रिंटर’. असल्या नावाच्या फाईलकडे कोणी ढुंकून बघत नाही.

दुसरं. आमच्या कारखान्यात चष्म्याच्या काचा घासतात. दुकानांतून आलेली प्रत्येक ऑर्डर म्हणजे एक छोटी फाईल. त्या एकेक उघडून एका यादीत उतरवायच्या आणि यादी मशीनवर पाठवायची, हे माझं काम. आज साहेब म्हणाले, हाताने किती दिवस करणार, पर्ल नावाची कॉम्प्युटरची भाषा शिका, प्रोग्रॅम लिहा. एवढ्या लोकांत मलाच का सांगितलं? माझ्यावर विश्वास आहे म्हणून, किंवा मला हलवायचंय म्हणून. संकल्प: पंधरा दिवसांत पर्ल. रोज एक प्रकरण.

४ मार्च
प्रकरण पहिलं, अर्धं. पुस्तकात फाईल उघडायच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहिलंय ‘ऑर डाय’. म्हणजे उघड, नाहीतर मर. ही कुठली बोलायची पद्धत! सगळीकडून काढून टाकलं. प्रोग्रॅम लगेच शांत झाला. एकही तक्रार नाही.

५ मार्च
धक्कादायक. ‘खासगी’ नावाची डिरेक्टरी केली, तिच्यात ही एकच फाईल ठेवली. आत काय काय आहे ते पर्लला विचारलं. तीन नावं आली! एक माझी फाईल. एक नुसतं टिंब. आणि एक, दोन टिंबं. ही दोन्ही मी ठेवलेली नाहीत.

मेहुण्याने मागून डोकावून सांगितलं, भाऊजी, ती सगळ्याच डिरेक्टऱ्यांत असतात, एक टिंब म्हणजे ती स्वतः आणि दोन टिंबं म्हणजे तिच्या वरची. (मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याच कारखान्यात मशीनमध्ये चष्म्याचे नंबर भरतो. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलाय, हे दिवसातून एकदा तरी सांगतो. नोकरीत अजून कच्चा आहे. या महिनाअखेर पक्का होणार आणि मग लग्न करणार.) मी त्याला विचारलं नव्हतं. तो माझ्या मागे काय करत होता? कुठेतरी पाणी मुरतंय.

दोन्ही टिंबं पुसायचा प्रयत्न केला. गेली नाहीत. चिकट आहेत.

७ मार्च
प्रकरण दुसरं राहिलं. ऑर्डरची यादीही नंतर. आधी सुरक्षा. दिवसभर बसून ‘पहारेकरी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. काम सोपं. रोज दुपारी दीडला, मी जेवायला गेलो की, ‘खासगी’तली फाईल त्याने उघडायची, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, ओळी मोजायच्या. कमी भरल्या तर मला कळवायचं. सगळं आपोआप, मला हात लावायला नको.

पर्ल आणखी एक सांगतं: फाईल शेवटची कधी वाचली गेली. जेवून आल्यावर ते मी जातीने विचारणार.

८ मार्च, शनिवार
ओळी बरोबर. पण फाईल शेवटची वाचली गेली आज दुपारी दीड वाजता. दीडला मी कॅन्टीनमध्ये होतो. साक्षीदार आहेत.

संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही. फक्त बघून ठेवलं की दीडला जाग्यावर कोण होतं. हिशेबाच्या बाई डबा जागेवरच खातात. आणि मेहुणा. त्याला भूक नव्हती म्हणे.

९ मार्च, रविवार
लॅपटॉप मुद्दाम घरी आणला. आतल्या खोलीत ठेवला, चालू. जेवायला मी, बायको, मेहुणा. तो रविवारी येतोच. हात धुवून थेट आत गेलो, पाहिलं. दीड!

हिशेबाच्या बाई सुटल्या, त्या आमच्याकडे कधी आलेल्या नाहीत. बायको सुटली, ती ऑफिसात येत नाही. आता शांत डोक्याने विचार केला: दीड वाजता ऑफिसातही असतो आणि घरातही असतो असा माणूस कोण? सगळ्या बाजूंनी विचार केला. एकच माणूस निघतो. तो जेवताना मध्येच पाण्याला उठला होता.

बायकोला काही बोललो नाही. तिच्या एकुलत्या भावाचा प्रश्न आहे.

१० मार्च
फाईलच्या परवानग्या बदलल्या. आता ती फक्त मालक वाचू शकतो, म्हणजे मी. बाकी सगळ्यांना बंदी.

जेवून आलो. दीडला वाचलेली! कुलूप घातलं तरी चोर आत. म्हणजे किल्ली बनवून घेतलीय.

११ मार्च
जेवायला गेलो नाही. कोऱ्या काचांचे खोके असतात त्या खोलीत दार लावून बसलो, लॅपटॉप मांडीवर, डोळे दारावर. कोणी आलं नाही. पण बरोबर दीडला लॅपटॉपचा पंखा घुरघुरला. माझ्या मांडीवर असलेली फाईल तो वाचत होता! नक्कीच दुरून. डिप्लोमा आता कामाला आला.

बाहेर आलो तर मेहुणा शोधत होता. भाऊजी, जेवला नाहीत का, माझ्या डब्यातलं ठेवलंय तुमच्यासाठी, म्हणाला. किती साळसूद! खाल्लं. भूक लागली होती.

१२ मार्च
सापळा. इथे मुद्दाम खोटी बातमी लिहितो: साहेब पुढच्या महिन्यात निवृत्त होणार. ही बाहेर फुटली की चोर सापडला.

संध्याकाळी ६
फुटली! हिशेबाच्या बाईंनी मलाच विचारलं, साहेब जाणार हे खरं का. मी ही बातमी कोणालाही सांगितलेली नाही. कॅन्टीनवाल्याला तेवढं विश्वासात घेतलं होतं, त्याने कान उघडे ठेवावेत म्हणून. तो असा माणूस नव्हे.

१४ मार्च
वाचणाऱ्या, आज सरळ तुलाच लिहितो. तुला वाटतं मला कळत नाही. मला सगळं कळतं.

हे वाक्य तीनदा बदललं. आधी ‘समजतं’ होतं. कोणी वाचतंय म्हटल्यावर माणूस जपून लिहितो. कालच्या नोंदीत चार चुका निघाल्या म्हणून ती काढूनच टाकली. एक मात्र मान्य करायला हवं, गडी एक दिवस चुकवत नाही. आणि अर्धवट सोडत नाही, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. माझं इतकं आजवर कोणी वाचलेलं नाही.

१५ मार्च
आज लहानपणच्या सायकलीविषयी दीड पान लिहिलं. त्याला आवडेल असं वाटलं. मग स्वतःचा राग आला. शत्रू आहे तो.

१७ मार्च, सोमवार
पंधरा दिवस झाले. साहेबांनी विचारलं, यादीचा प्रोग्रॅम कुठवर आला. दुपारपर्यंत लिहून टाकला. पुस्तक आता लागत नाही (दुसरं प्रकरण बाकी आहे). फाईलमध्ये लिहायचं तर पुस्तकात कुठे एक बाण काढलाय, कुठे दोन. एकात काम होत असताना दोन कशाला? एकच ठेवला. शिवाय उतरवून झालेली ऑर्डरची फाईल तिथल्या तिथे पुसायची, पसारा नको.

चालवला. एक चूक दाखवली नाही. ‘डाय’ काढल्याचा हा फायदा.

सायंकाळी ५
मेहुणा धावत आला. भाऊजी, यादीत एकच ऑर्डर आहे, कोणा आजीबाईंची, बाकीच्या साठ कुठे गेल्या? पाहिलं. मूळ फायली पुसलेल्या, यादीत एकटी आजी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. साठ लोक चष्म्याची वाट बघत बसलेत.

मग डोकं चालू लागलं. कारखान्यात एवढी माणसं, सगळ्यांत आधी यालाच कसं कळलं?

१८ मार्च
साहेबांकडे लेखी अर्ज दिला. माझ्या खासगी फायली चोरून वाचणं, अफवा पसरवणं आणि आता ऑर्डरी पुसणं. पुरावा म्हणून दीड वाजताच्या सगळ्या वेळा जोडल्या. नातं असूनही नाव लिहिलं, शेवटी एक मागणीही केली. माझ्यासारखी माणसं आता कमी राहिलीत.

साहेब म्हणाले, चौकशी होईपर्यंत त्याला पक्का करणं थांबवतो. मी म्हणालो, माझी हरकत नाही.

१९ मार्च
घरी कळलं. बायकोने भांडण केलं नाही. ते बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, तो तुमची फाईल कशाला वाचेल? मी म्हणालो, हाच तर प्रश्न आहे. मग ती आतल्या खोलीत गेली. बोलणं बंद. जेवण वाढते, पण ताट ठेवल्याचा आवाज वेगळा येतो.

मेहुण्याचं जिच्याशी ठरलंय त्या मुलीकडच्यांनी विचारलंय म्हणे, नोकरीचं नक्की काय. सासूबाईंचा दोनदा फोन येऊन गेला. दोन्ही वेळा बायको गॅलरीत जाऊन बोलली. माझ्याबद्दलच असणार.

२४ मार्च, सोमवार
चौकशी. साहेबांची खोली, मी, मेहुणा. मी तयारीत होतो. मेहुण्याने फक्त एक मागणी केली, भाऊजींचे दोन्ही प्रोग्रॅम पडद्यावर दाखवा.

आधी यादीचा. त्याने सांगितलं, एक बाण म्हणजे फाईल आधी कोरी करून मग लिही, दोन बाण म्हणजे आहे त्याच्या खाली लिही. त्यामुळे प्रत्येक ऑर्डरने आधीची पुसली आणि शेवटी आलेल्या आजी उरल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, पुस्तक स्पष्ट लिहीत नाही.

मग ‘पहारेकरी’. मेहुण्याने मला विचारलं, भाऊजी, हा दीडला काय करतो? मी म्हणालो, फाईल उघडून वाचतो. साहेब म्हणाले, मग दीडला फाईल कोण वाचतं?

पंखा फिरत होता. मी म्हणालो, हे तपासावं लागेल.

साहेबांनी विचारलं, एवढं काय आहे हो त्या फाईलमध्ये? मी म्हणालो, जुना प्रिंटर.

२५ मार्च
मेहुणा पक्का झाला. यादीचं काम त्याच्याकडे. मी आता तयार चष्मे डबीत घालतो आणि डबीत पुसायचं फडकं ठेवतो. जबाबदारीचं काम आहे, फडकं राहिलं तर तक्रार येते.

त्याने साहेबांकडून दुसरी पाळी मागून घेतली. मी निघतो तेव्हा तो येतो. आज फाटकात समोरासमोर आलो. मी हसलो. त्याला बहुतेक घाई होती.

२७ मार्च
सोमवारी संध्याकाळीच पहारेकरी काढून टाकला. तीन दिवस फाईल तशीच ठेवली, उघडलीसुद्धा नाही. आज पाहिलं: शेवटची वाचली गेली सोमवारी दीडला. त्यानंतर कोणी नाही. मंगळवार नाही, बुधवार नाही, आज नाही. म्हणजे सायकलीचं दीड पानही माझ्या प्रोग्रॅमनेच वाचलं होतं, आणि त्याने फक्त ओळी मोजल्या.

(२५ तारखेची नोंद आधी कागदावर लिहिली होती, आत्ता उतरवली. नियम म्हणजे नियम.)

वाईट वाटलं. का ते नीट सांगता येत नाही.

२८ मार्च
लिहून टाकतो एकदाचं. मी चुकलो. तो माझ्यासाठी डब्यातलं ठेवत होता आणि मी त्याच्या वेळा टिपत होतो. त्याचं लग्न माझ्यामुळे अडलं असतं. हे तोंडाने बोलता येणार नाही, जीभ उचलत नाही, म्हणून इथे लिहिलं. फाईल कारखान्याच्या सगळ्यांना दिसणाऱ्या डिरेक्टरीत हलवली. परवानग्या बदलल्या: मालक, गट, बाकीचं जग, सगळ्यांनी वाचावं. नाव बदलून ‘मेहुण्यासाठी’ केलं. आता तो वाचेलच. पाळीवर आला की पहिली हीच दिसेल.

२९ मार्च, शनिवार
वाचली नाही.

दुपारी परत पाहिलं. नाही.

३० मार्च, रविवार
तो जेवायला आला नाही. दोनच ताटं. शेवटी मी बायकोला सांगितलं की सगळं लिहिलंय, वाटलं तर तूही वाच. ती इतक्या दिवसांत पहिलं वाक्य बोलली. म्हणाली, तुमचं लिहिलेलं एकदा वाचलंय, लग्नाच्या पहिल्या वर्षी, दोन पानांत डोळा लागला. मग म्हणाली, जे सांगायचंय ते त्याला सांगा, आणि त्याचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

तो हॅलो म्हणाला. मी विचारलं, जेवलास का. हो म्हणाला. मी सांगितलं, तुझ्या नावाची एक फाईल ठेवलीय, वाच. तो म्हणाला, दिसली, पण नको भाऊजी, तुमची फाईल मी उघडत नाही. मी म्हणालो, अरे, मीच सांगतोय ना, परवानगी दिलीय. तो म्हणाला, तुमच्या फाईलला कधीही हात लावणार नाही असं साहेबांनी तेव्हाच माझ्याकडून लिहून घेतलंय, तुमच्या अर्जात तशी मागणी होती. आणि त्याने फोन ठेवला.

बायको समोर उभी होती, म्हणून मी फोन थोडा वेळ कानालाच धरला आणि दोनदा हो हो म्हणालो. तिने विचारलं, काय म्हणाला. मी म्हणालो, वाचतो म्हणाला.