मीनासाठी पसरलेलं पीठ

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा केदारखेड्याला. पुण्यात वरच्या मजल्यावर फरशा फोडणं चालू होतं. इथे सगळ्यात मोठा आवाज म्हणजे घरमालकीण सगुणाबाईंच्या कोंबड्या. खोली हवेशीर, नेटही बरं. आल्या आल्या पिठलं-भाकरी समोर आली. जेवता जेवता माझं काम त्यांना सांगितलं. आकाशाच्या फोटोंत फार लांबच्या दीर्घिका शोधायच्या, आणि त्यातल्या कोणत्या एकमेकींच्या ओढीनं जमायला लागल्यात ते बघायचं. त्यांचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती. बाई म्हणाल्या, मंग लई लांब गेलेलं बी दिसतं तुमाला. मी ऐटीत हो म्हणालो.

५ नोव्हेंबर
बाई रोज दिवेलागणीला ओसरीत पीठ पसरतात, शेजारी दिवा, वर टोपलं. माणूस गेलं की त्याचा जीव घरी येऊन गेल्याची खूण सकाळी पिठात बघायची रीत आमच्याकडेही आहे, पण ती एकदाच. बाईंची कॉलेजातली मुलगी मीना गेल्या वर्षी शहरात, दवाखान्यात वारली. घरी पीठ कोरंच राहिलं. तिथं जीव गेला, म्हणून लेकीला घराची वाट घावली न्हाई, असं सांगत होत्या. तेव्हापासून रोज सकाळी कोरं पीठ बघतात. मला जेवण गेलं नाही.

६ नोव्हेंबर
आज आगाऊपणा केला. सकाळी बाई नळावर गेल्या तेवढ्यात टोपलं उचलून बोटानं पिठात ठिपके उठवले. डोक्यात कामाचा फोटो, त्यातल्या दीर्घिका जशा दिसतात तशीच बोटं फिरली. बाई पिठापाशी बसून खूप रडल्या, मग शेजारीपाजारी साखर वाटून आल्या. फार बरं वाटलं मला.

७ नोव्हेंबर
आज मी हात लावला नव्हता. तरी ताज्या पिठात तेच ठिपके, आणि डावीकडे एक जास्तीचा. दुपारी फोटोतल्या त्याच जागच्या दीर्घिकेचं अंतर मोजून आलं. तीही त्याच घोळक्यातली निघाली. योगायोग, दुसरं काय.

९ नोव्हेंबर
ठिपके आता मोजता येत नाहीत. सगळे मधे सरकतायत. पीठ सकाळी सांगतं, माझा संगणक दुपारी. ओसरीत दवाखान्याचा वास. बाई मीनाला हाका मारत फिरतात. वाट चुकलेली ती एकटीच नव्हती. माझी खूण बघून, ज्यांना कुणालाच घर सापडलं नव्हतं ते सगळे—

१० नोव्हेंबर
बाईंना खरं सांगितलं. पहिले ठिपके माझे. मीना आलीच नव्हती.
दिवेलागणीला त्यांनी तरीही पीठ पसरलं.

११ नोव्हेंबर
खिडकीतून बघितलं, टोपलं उलटं. पीठ ओसरीभर. त्यात पावलं, चार-पाच वर्षांच्या पोराची, आमच्या दारापर्यंत. मीनाची नव्हेत. बाईंनाही कळलंय.
दारावर थाप. हळू. मग पुष्कळ हातांची—
उघडू नका म्हणून मी पाया पडलो. त्या म्हणतायत, कुणाचं का असंना, लेकरू हाय, कवाचं भाईर उभंय.
कडी काढली.
बाई वाकून विचारतायत, माझी मीना दिसली का रं वाटंत. आणि ते सगळे एकदम आत—