प्वी मारीच्या पायथ्याचा भावी अध्यक्ष

सोमवार, २ जून

ठरलं. आमच्या वारसा-भ्रमण मंडळाचे म्हातारे अध्यक्ष बार्तास मुलीकडे दूर नांत शहरात कायमचे राहायला चाललेत. त्याआधी आपल्याच कांतालच्या डोंगरांत चार दिवसांची सहल, माझ्या नेतृत्वाखाली. शेवटच्या दिवशी जेवण झालं की नव्या अध्यक्षाची निवड. म्हणजे माझी. अकरा वर्षं चिटणीस आहे, दुसरं आहे कोण?

दुसरं नाव आलंय म्हणे. ऑर्तांस देल्पी. गुराढोरांची डॉक्टर, आता रिटायर्ड. वय सत्तर. इतिहासाचा गंध नाही, भाषणाची सवय नाही. बिचारी.

रात्रीच्या जेवणाआधी सहलीचा तक्ता पूर्ण केला. मिनिटामिनिटाचा. बायकोला दाखवला. मिरेय म्हणाली, सगळं आहे, फक्त बारा माणसांना लघवीला जायला वेळ ठेवलेला नाहीस. बायकांना तपशिलाचा फार सोस.

सोमवार, ९ जून

डॉक्टरकडे गेलो होतो. चीज पूर्ण बंद म्हणाला. कांतालमध्ये, चीजच्याच मुलखात जन्मलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला पोहणं बंद कर म्हणण्यासारखं आहे. पण मी शब्दाचा पक्का. आजपासून बंद. रोज चार जिने चढायचे, चालायच्या काठ्या घेऊन.

सकाळी ११. काठ्या घेतल्या. उत्तम आहेत. जिन्यात त्या नीट वळत नाहीत, म्हणून लिफ्टने आलो.

मंगळवार, १७ जून. सालेर

सहलीची झोकात सुरुवात. फक्त पन्नास मिनिटं उशीर (लघवी).

सालेर गावच्या चौकात काळ्या दगडांच्या घरांकडे बोट करून पंधराव्या शतकावर बोललो. मंडळी तल्लीन. चौकाच्या मागच्या गल्लीत एका दणदणीत कमानीपुढे थांबून, इथे न्यायाधीश राहत असे, त्याच्या करारी स्वभावाची छाप दगडावरसुद्धा कशी पडलीय बघा, असं सांगत होतो. वरची खिडकी उघडली. एक बाई ओरडली, न्यायाधीश कसला, गॅरेज आहे ते आमचं! बापाने माझ्या जन्माच्या वर्षी बांधलं, आणि आता बाजूला व्हा, मला गाडी काढायचीय.

बाई दिसायला बऱ्याच जुन्या होत्या. म्हणजे वास्तूलाही थोडाफार इतिहास आहेच. मंडळी मात्र उगाच हसत बसली. त्या बाईशी ऑर्तांसच्या गप्पा जुळल्या. कुत्र्याच्या कानाचं काहीतरी. मतदार सोडून कुत्र्यामागे! राजकारण कळत नाही तिला.

दुपारी त्रुफाद. बटाट्यात ताजं तोम विरघळवलेलं, चमचा उचलला की हातभर तार. तोम म्हणजे चीज नव्हे. ते पुढे चीज होतं. उद्या चोर होणाऱ्या बाळाला आज कोणी तुरुंगात टाकतं का? मिरेयला हे समजावलं. ती म्हणाली, अरे, तीन बाळं गिळलीस तू.

बुधवार, १८ जून. प्वी मारी

खिंडीत गाडी उभी. वर प्वी मारीचं शिखर, नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. हवा स्वच्छ होती, पण अनुभवी डोळ्याला धुकं येताना दिसतं. मी मंडळींना स्पष्ट इशारा दिला, की अशा वेळी कोणीतरी जबाबदार माणसाने पायथा सांभाळला पाहिजे. कोणीच तयार होईना. मग मीच त्याग केला.

दुपारी १२. कॅफेत आहे. खिडकीतून सगळे नीट दिसतायत. ऑर्तांस पुढे. पाठीवर स्वतःची पिशवी, पोटावर बार्तासांची. ब्याऐंशी वर्षांचे बार्तासही चाललेत, ही बेपर्वाई आहे. मी इथून हाताने सूचना देतोय.

१२.४०. रानजांभळांचा टार्ट मागवला. त्यात चीज नसतं. दुसराही मागवला, कारण पहिल्याने हे सिद्ध झालं.

१.३०. धुकं अजून यायचंय.

२.१५. सगळे परत आले. गाल लाल, डोळे चमकतायत, एकमेकांना फोटो दाखवतायत. वरून शिखराभोवतीच्या सातही दऱ्या दिसल्या म्हणे. बार्तास वर जाऊन रडले, इथे पुन्हा येणं नाही म्हणाले. मी म्हटलं, माझे हात दिसले का? कोणाचं लक्षच नव्हतं. मिरेय म्हणाली, मला दिसले, त्यातल्या एका हातात टार्टचा काटा होता.

गुरुवार, १९ जून. म्युरा आणि पुढे

आज माझा हुकमाचा पत्ता होता. दुपारी तीनला सां-फ्लूरच्या काळ्या कॅथेड्रलमध्ये भाषण. पाठ केलेलं, मध्ये दोन विनोद.

वेळ वाचावा म्हणून म्युराहून माझ्या माहितीच्या आडवाटेने गाडी घ्यायला लावली. वाट एका गोठ्यापाशी संपली. दारात शेतकरी, हात कोपरापर्यंत माखलेले. म्हणाला, गाडी वळवायला जागा नाही, आणि मला वेळ नाही, गाय अडलीय, डॉक्टर तासभर लांब आहे.

ऑर्तांसने कोट काढून मिरेयकडे दिला. म्हणाली, साबण आणा, दोरी आणा, आणि गप्प उभे राहा सगळे.

एवढी मोठी सालेर जातीची तांबडी गाय, वर वळलेली लांब शिंगं, आणि तिच्या पाठीमागे गुडघ्यावर बसलेली ही सत्तरीची बाई. गायीशी बोलत होती. जरा दम धर गं बाई, आता पोर तिरकं आहे, त्याला आपण सरळ करू. मग दोरी आमच्या हातात. गाय कळ देईल तेव्हाच ओढा म्हणाली, एरवी नाही. सगळे ओढायला लागले. मी मागच्यांना नीट दिसावं म्हणून गवतावर बसलो. मिरेयच्या मते मी पडलो. मतभेद आहेत.

डोळे उघडले (मिटले होते, विचार करत होतो) तेव्हा वासरू पेंढ्यावर. हलेना. ऑर्तांसने त्याच्या नाकात काडी घातली, छाती चोळली. मग ते शिंकलं. बार्तासांनी शेतकऱ्याला मिठी मारली. मिरेय ओरडली. मीही ओरडलो, पण ते कार्यक्रमाला उशीर झाल्याबद्दल.

शेतकऱ्याने वासराचं नाव ऑर्तांस ठेवलं. मग फळीवर दीड वर्षं मुरलेलं चीज, राईचा पाव, जेन्शन नावाच्या डोंगरी मुळाची कडू दारू. नाही म्हटलं असतं तर त्याचा अपमान झाला असता. तीन वेळा अपमान टाळला.

कॅथेड्रल बंद झालं. अशी बेशिस्त अध्यक्षाला शोभत नाही. मंडळींच्या हे नक्की लक्षात आलं असणार.

शुक्रवार, २० जून. सां-फ्लूर

सकाळी ११. कॅथेड्रलमध्ये भाषण झालं. दोन्ही विनोद सांगितले. आत थंडी असल्याने हसू बाहेर पडलं नसावं.

दुपारी १.४५. जेवण संपता संपता चिठ्ठ्या वाटल्या. बारा मतं, गुप्त. पेन हातात घेतलं आणि ऑर्तांसकडे नजर गेली. कोबीचा शेवटचा घास पावाने पुसून घेत होती, निवांत. सगळ्यांसमोर हिला एकही मत नाही? शून्य फार वाईट दिसतं. मन मोठं करून मी तिचं नाव लिहिलं. एका मताने मला काय फरक पडतो!

२.०५. ऑर्तांस अकरा. मी एक.

२.३०. मिरेयला बाजूला घेतलं. म्हटलं, तू तरी होतीस, विसरणार नाही. तिने माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, मी तिला दिलं रे. तू निवडून आला असतास तर दर वर्षी तो तक्ता. मला परत डोंगर चढायचाय, तुझ्याबरोबर जमलं तर तुझ्याबरोबर.

मग बार्तास असणार. त्यांचे आभार मानायला गेलो. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि चष्मा पुसत राहिले.

२.५०. गाडीत चढताना ऑर्तांसने मागून खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाली, आंसेल्म, मनाला लावून घेऊ नका हो. मी तुमचंच नाव लिहिलं होतं. मनात म्हटलं, सगळ्यांसमोर शून्य फार वाईट दिसतं.

मी आभार मानले. ती हरल्यावर तिला सांगायला तयार ठेवलेलं माझं वाक्य नेमकं तेच होतं.