मंजूर उंचवटे सपाट न करण्याबाबत

दिनांक : १४, गुरुवार

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
नगरपरिषद कार्यालय, दुसरा मजला.

विषय : सायकल-उड्यांच्या मार्गावरील मंजूर उंचवटे तिसऱ्यांदा सपाट न करण्याबाबत.

संदर्भ : १) उंचवटे उभारण्यास मंजुरी देणारा नगरपरिषदेचा ठराव.
२) तेच उंचवटे काढण्याचा आपला सपाटीकरण आदेश.

महोदय,

१. अर्जदार आपल्याच रस्ते विभागात एकतीस वर्षे रोलर चालवून निवृत्त झाला. या काळात त्याने हाताखालून गेलेला एकही रस्ता वर-खाली राहू दिला नाही. तोच माणूस आज उंचवट्यांची बाजू घेऊन आपल्या दारी आला आहे, याचे खुद्द अर्जदारालाही हसू येते. आपणही हसून घ्यावे आणि मग पुढे वाचावे.

२. पाण्याच्या टाकीमागच्या पडीक जागेत मातीचे उंचवटे करून सायकल-उड्यांचा मार्ग आखावा, अशी मागणी अर्जदाराच्या नातीने व तिच्या चार मैत्रिणींनी गेल्या वर्षी केली. तोवर या मुली मुख्य रस्त्यावरच्या गतिरोधकावरून उड्या मारत आणि मागून ट्रक येत. अर्जदाराच्या सुनेचा जीव रोज संध्याकाळी टांगणीला लागलेला असे. नगरपरिषदेने तीन सभा घेतल्या, शेजाऱ्यांच्या हरकती ऐकल्या, झाडांपासूनची अंतरे मोजली आणि एकमताने मंजुरी दिली. त्या दिवशी घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

३. मंजूर नकाशात सहा उंचवटे आहेत. प्रत्येकाला एका बाजूने उडी घेण्याचा चढ, दुसऱ्या बाजूने उतरण्याचा उतार आणि कडेने पाणी जाण्यासाठी चर. मुलींनी माती चाळली, थरावर थर घातला, पाणी मारून धुमसाने ठोकला. पहिला चढ अर्जदाराने आपल्या अनुभवाच्या जोरावर स्वतः घडवला. तो एवढा उभा झाला की पहिली सायकल वर गेली आणि तशीच मागे आली. त्यानंतर अर्जदाराकडे फक्त पाणी मारण्याचे काम ठेवण्यात आले.

४. काम पूर्ण झाल्यावर आपले कनिष्ठ अभियंता तपासणीस आले. या मार्गासाठी वेगळा नमुना नसल्याने त्यांनी पादचारी मार्गाचा नमुना भरला. त्यात ‘पृष्ठभाग समतल आहे काय?’ असा रकाना आहे. गृहस्थ प्रामाणिक. त्यांनी सहाही उंचवट्यांवर लेव्हल लावून पाहिली आणि सहा वेळा ‘नाही’ लिहिले. आठवड्याभरात पुढे पाते लावलेला रोलर आला, माती पसरली, दाबली, आणि जागा आरशासारखी झाली. लगेच पूर्णत्वाचा दाखलाही मिळाला. म्हणजे दप्तरी मार्ग उत्तम स्थितीत आहे. जागेवर तेवढा तो नाही.

५. मुलींनी पुन्हा महिनाभर खपून उंचवटे उभे केले. तेव्हा ‘पूर्ण झालेल्या कामाचे नुकसान केल्याबद्दल’ नोटीस आली आणि पाठोपाठ रोलर. यात रोलरचालकाला बोल लावता येत नाही, कारण त्याला अर्जदारानेच तयार केले आहे. अर्जदार रोलरपुढे आडवा गेला तेव्हा तो खाली उतरला, नमस्कार केला आणि म्हणाला, “काका, कागदावर सपाट करा असं लिहिलंय. एक बोटभरही उंचवटा मागे ठेवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?” अर्जदार बाजूला झाला. काम मात्र त्याने फार सुरेख केले, हे अर्जदारास नमूद करावेच लागेल.

६. मुली त्या संध्याकाळपासून परत मुख्य रस्त्यावर जाऊ लागल्या. अर्जदाराने रागे भरल्यावर नात शांतपणे म्हणाली, “आजोबा, तिथला गतिरोधक निदान कोणी सपाट करत नाही.” गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी ट्रकने इतका करकचून ब्रेक दाबला की आवाज घरापर्यंत आला. नात सुखरूप आहे. सून त्या रात्री जेवली नाही आणि अर्जदारही जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सून स्वतः फावडे घेऊन टाकीमागे गेली. सहाही उंचवटे आता तिसऱ्यांदा उभे आहेत आणि मुली पुन्हा तिथेच उड्या मारत आहेत. पण सोमवारी सकाळी रोलर पाठवण्याचा आपला आदेश निघाला आहे.

७. सबब विनंती एवढीच, की वरील रकान्यापुढे ‘लागू नाही’ असे दोन शब्द आपल्या हाताने लिहावेत व सपाटीकरणाचा आदेश रद्द करावा. अर्जदाराला नात हवी आहे. तिने उडी मारू नये असे आता कोणीच म्हणत नाही. ती मातीवर उतरावी, एवढेच.

जन्मभर सपाटीकरण करून थकलेला,
आपला नम्र,
(सही)
निवृत्त रोलरचालक

सोबत :
१) मंजूर नकाशाची प्रत.
२) मुलींच्या पाच व सुनेची एक, अशा सहा सह्या.
३) रोलरची किल्ली, एक. चालकाने काल ती अर्जदाराच्या घरी आणून दिली व पाणी पिऊन गेला. ती आपल्या स्वाधीन करीत आहे. सोमवारी त्याला परत द्यायची झाल्यास कृपया आपण स्वतः टाकीमागे येऊन, मुलींच्या समोर द्यावी.