सातव्या पेशंटचा ठसा

७ जून, सोमवार

हे दात मी ओळखतो!

हॉस्पिटलमधून आज सातवा ठसा आला. नेहमीसारखाच – डबीवर नुसता आकडा, नाव नाही. प्लास्टर ओतलं, सुकल्यावर साचा हातात घेतला आणि उजेडात धरला. वरचा उजवा सुळा जरा वळलेला, शेजारी फट, मागची दाढ तर मीच बसवलेली. सव्वीस वर्षं हे तोंड माझ्यासमोर जेवतंय, हसतंय, माझ्यावर ओरडतंय. बायकोचे दात ओळखता येत नसतील तर कवळ्या करणं सोडून भाजी विकावी मी.

पण आकडा घालून येतात ते ठसे पेशंटचे असतात. डोक्यात गाठ असलेल्यांचे.

८ जून

काल पुढे हात चालेना. आज नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

ही हॉस्पिटलात किरणांचा नेम धरते. कवटी न उघडता आतल्या गाठीवर सगळ्या बाजूंनी किरण सोडायचे, सगळे एकाच ठिकाणी. तेवढा वेळ डोकं हलता कामा नये, म्हणून कवटीला चार स्क्रू पिळून कडं बसवतात. हिला ते कधीच पटलं नाही. 'माणूस आहे, झुंबर नाही,' म्हणते. मग हिनेच युक्ती काढली – तोंडात टाळूला हवा ओढून चिकटणारी पट्टी, ती पलंगाला जोडलेली, समोर कॅमेरा. डोकं अर्धा मिलिमीटर सरकलं तरी किरण आपोआप बंद. पट्ट्या करणार कोण? घरचाच कवळीवाला! सहा केल्या, सहाही झकास बसल्या. सहाही वेळा ही घरी येऊन लहान पोरीसारखी नाचली होती.

संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, सातवा पेशंट कोण गं? ही कपबश्या पुसत होती. हात थांबला नाही. आहे एक बाई, म्हणाली. वाटाण्याएवढी गाठ, डाव्या कानाच्या नसेला खेटून. कर्करोग नाही. वाढली तर कान जाईल, अर्धा चेहरा लुळा पडेल. आणि किरणांचा नेम चुकला तर? 'तरी तेच,' म्हणाली आणि कपबश्या फडताळात लावायला लागली. उद्या ऊन आहे असं सांगावं, तशी!

९ जून

आता एकेक लक्षात येतंय. फोन हल्ली उजव्या कानाला. रस्त्यात नेहमी माझ्या उजवीकडे असायची, ती आता डावीकडून चालते. मला वाटायचं, माझी बडबड ऐकून कंटाळली.

राग आला. खूप आला. मला परकं केलंस? म्हणून जेवताना तोंड फुगवून बसलो. तर तिने मला आवडतो म्हणून टोपातला शेवटचा भात खरवडून वाढला. मग कसला राग टिकतोय!

१२ जून

पट्टी परत आली. 'पेशंटला जाड होतेय, उमासे येतात.' येणारच! भीतीपोटी दुप्पट जाड केली मी, हलू नये म्हणून. म्हटलं, फार नाजूक दिसते तुझी पेशंट. आहेच, म्हणाली, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

१५ जून

दुसरीही परत. या वेळी दया आली म्हणून घासून घासून पातळ केली होती. पेशंट म्हणते, जरा बोलायला गेलं की सुटते. मी म्हटलं, तिला सांग, अर्धा तास गप्प पडून राहायचा सराव कर. 'तिला नाही जमायचं,' म्हणाली. दोघंही खो खो हसलो. हसता हसता ती एकदम स्वयंपाकघरात निघून गेली.

१६ जून

विचारू का? – नको. ताकास तूर लागू देत नाही, तर तिचं काही कारण असेल. पण जीव टांगणीला लागलाय माझा!

१८ जून

दुपारी ही दुकानात आली. तिसरी पट्टी पर्समध्ये. एक आजोबा नव्या कवळीनं 'फ' म्हणून बघत होते, त्यांना उद्या बोलावलं. हिनं दाराची कडी लावली, खुर्चीत बसली, पट्टी माझ्या हातात दिली आणि तोंड उघडलं.

"मागे डावीकडे टोचतंय. बघा."

मी बॅटरी घेतली. बसवली, काढली, घासली, पुन्हा बसवली. तिच्या तोंडात माझी बोटं, तिला बोलता येईना, नुसतं डोळ्यांतून पाणी. माझ्याही. ठसा बघितला त्याच दिवशी ओळखलं, असं मी सांगून टाकलं.

"ओळखाल म्हणूनच तुमच्याकडे पाठवला," पट्टी काढल्यावर म्हणाली. "माझ्या तोंडून निघेना हो. आणि मला धरून ठेवणारं जे काही असेल, ते तुमच्या हातचं हवं होतं."

मूर्ख बाई. माझी बाई. कितीतरी वेळ तिचं डोकं पोटाशी धरून उभा होतो.

पट्टी आता घट्ट बसते. ओढून बघितली, जागची हलत नाही.

२१ जून

उद्या. नेम हिची शिष्या धरणार – स्वतःचा स्वतःला धरता येत नाही. म्हणून आज ही चार वेळा तिचे आकडे तपासायला गेली. शेवटी पोरीनं हात धरून बाहेर काढलं. मॅडम, पेशंटनं बाहेर बसायचं!

२२ जून

मी काचेबाहेर. सगळं सुरळीत चाललेलं. आणि मध्येच मशीन थांबलं, लाल दिवा लागला. डोकं हललं! पट्टी सुटली – माझी पट्टी! शिष्या आत धावली, वाकून बघितलं आणि तोंडावर हात ठेवून परत आली. मला वाटलं, संपलं. तर ती हसू दाबत होती.

पट्टी जागच्या जागी होती. बाईसाहेब झोपल्या होत्या. गाढ! अंग सैल पडलं, म्हणून डोकं कणभर सरकलं. गाठीचा रिपोर्ट आल्यापासून हिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"उठवू?" शिष्येनं विचारलं.

मी म्हटलं, पाच मिनिटं थांब गं. झोपू दे तिला.